कपाचा कान कोणत्या बाजूला?

प्रश्न असा आला आहे: "मी चित्रं बरी काढते. ओळखीतले लोक कॉफीचे मग, पाण्याच्या बाटल्या, बूट, लॅपटॉपचं झाकण यांवर काहीतरी काढून दे म्हणतात. पण हल्ली कोणतंही चित्र छापून मिळतं, तेही माझ्यापेक्षा सुबक. मग लोकांना खास आपल्यासाठी हातानं काढलेलं चित्र का हवं असतं? हे कौतुक चार दिवसांचं तर नाही ना? आणि काम मनावर घ्यायचं ठरवलं, तर कशाकडे लक्ष द्यावं?"

गेली अठरा वर्षं मी हेच करतोय. मग, बाटल्या, बूट, वह्यांचे पुठ्ठे, गिटारी, चष्म्याच्या डब्या, एकदा तर कुबड्यासुद्धा. तेव्हा उत्तर लांबणार, तयारीनं बसा.

आधी सुबकपणाचं बघू. त्या शर्यतीत उतरू नका, हरणार आहात. ही हार नवीही नाही. इंग्लंडात लिव्हरपूलला जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी 1756 साली कोरीव ठशावरचं चित्र कागदावर घेऊन ते फरशीवर उतरवण्याच्या पद्धतीनं सहा तासांत बाराशेहून जास्त झिलईदार फरश्या छापून दाखवल्या. शंभर कसबी चिताऱ्यांना तेवढ्या वेळात जमेल त्याहून हे काम जास्त आणि नेटकं झालं, अशी जाणकारांची साक्षही लिहून घेतली. म्हणजे 'छापून मिळतं, मग हातानं कशाला' या प्रश्नाला अडीचशेहून जास्त वर्षं झाली. तरी हातानं रंगवणारे काही संपले नाहीत. का संपले नाहीत, ते मला एका बाटलीनं समजावलं.

एक गृहस्थ करड्या रंगाची स्टीलची बाटली घेऊन आले. त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना एकसारख्या बाटल्या वाटल्या होत्या आणि यांची बाटली आठवड्यातून दोनदा दुसऱ्याच्या टेबलावर जायची. "काहीही काढा, फक्त ओळखू आली पाहिजे," एवढीच मागणी. मी म्हटलं, नाव घालून देतो. तर म्हणाले, "नाव मीच मार्करनं लिहिलं होतं हो. कोण वाचतंय?" मग मी माझा नेहमीचा उद्योग सुरू केला, म्हणजे इकडच्या तिकडच्या गप्पा. दिवसभर बसता कुठे, खिडकी आहे का, बाटली ठेवता कुठे. बोलता बोलता निघालं की त्यांच्या खिडकीत एक रोपटं आहे. नोकरी सोडून गेलेल्या कोणीतरी मागे ठेवलेलं, आता कुणाचंच नाही. संध्याकाळी निघताना बाटलीत उरलेलं पाणी हे त्याला घालतात. पाच पानं आहेत, त्यातलं एक कायम पिवळं. किती खतपाणी करा, पिवळं ते पिवळंच.

मी तेच काढलं. पाच पानं, चार हिरवी, एक पिवळं, आणि ते पिवळं पान मान वर करून झाकणाकडे बघतंय, जणू आता पाणी मिळणार. काम दीड तासाचं. चित्र म्हणून सांगायचं तर बेताचंच होतं. कुंडीची एक कड वाकडी गेली होती, ती तशीच राहिली.

दोन महिन्यांनी त्याच ऑफिसातून तिघं जण आपापल्या बाटल्या घेऊन आले. "त्यांच्या बाटलीवर ते रोपटं आहे ना, तसं काहीतरी." मी विचारलं, तसं म्हणजे कसं? रोपटंच? त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "रोपटं नको हो. त्या रोपट्याला पाणी कोण घालतं हे इतकी वर्षं आम्हाला माहीतच नव्हतं. ते बाटलीवरून कळलं."

आपल्या भाषेत 'ओळख' हा शब्द दोन्हीकडे चालतो. वस्तूची ओळख पटते आणि माणसाची ओळख होते. त्या गृहस्थांना पहिली हवी होती, दुसरी आपसूक मिळाली. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं याच रस्त्यानं येतात. सांगतात ते कारण अगदी कोरडं असतं: हरवू नये, बदलू नये, पोचा झाकावा, ओरखडा दिसू नये. त्या कोरड्या कारणाला हसू नका. माणसाला स्वतःसाठी काही खास मागायचा संकोच वाटतो, आणि पोचा हे मागण्याचं चांगलं निमित्त असतं.

सगळ्यांना एकसारखी वस्तू मिळाली की माणसाचा हात शिवशिवतो, हे जुनंच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजांवरचे खलाशी वर्षानुवर्षं समुद्रावर असत. फावल्या वेळात ते देवमाशाच्या दातांवर आणि हाडांवर सुईनं, चाकूनं रेघा कोरत आणि त्यांत काजळी चोळत. त्यात नुसत्या शोभेच्या वस्तू नव्हत्या. बायकांच्या चोळीवजा अंतर्वस्त्रात छातीशी उभी घालायची जी पट्टी असे, तीही हाडाची कोरून ते घरच्या बाईसाठी आणत. चित्र कुठे गेलं बघा: भिंतीवर नाही, अंगावर. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांवर नक्षी ठोकली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं कारखान्यातून एकाच साच्यातली यायची आणि वैमानिकांची टोळी नाकाडावर चित्र काढून घ्यायची. त्यानंतर ते 'आमचं' विमान.

एवढ्या लांबही जायला नको. मोडलेल्या हाताला प्लास्टर घातलं की एक-दोन दिवसांत त्यावर कोणी ना कोणी काहीतरी काढतंच. पांढरं, खरखरीत, सगळ्यांचं सारखं दिसणारं, आणि ज्याच्या हाताला असतं त्याला नकोसं झालेलं. त्यावर एक मिशीवाला मासा आला की ते एकदम त्या मुलाचं होतं. पुढे ते कापून काढतात तेव्हा वास मारत असतं, तरी माशाचा तुकडा जपून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. कोरं प्लास्टर जपून ठेवलेलं मात्र अजून पाहिलं नाही.

नाव छापून देणं हा याच भुकेवरचा झटपट उतारा. 2011 साली कोका-कोलानं ऑस्ट्रेलियात बाटल्यांवर 150 प्रचलित नावं छापली. ती कल्पना पुढे कितीतरी देशांत चालली. आपलं नाव सापडलं की माणूस हरखतो, मीही हरखेन. पण नाव छापणाऱ्याला तुमच्याबद्दल काही माहीत असावं लागत नाही आणि त्या नावाची दुसरी माणसं ढिगानं असतात. पिवळं पान काढायला मात्र कोणीतरी अर्धा तास बसून विचारावं लागतं. ते चित्र समोर आल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते त्या अर्ध्या तासाचं असतं. "हे तुमच्या लक्षात कसं राहिलं?" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा "किती सुंदर काढलंय" ऐकलेलं नाही. सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं.

संशोधकांनीही या बाजूला हात घातला आहे. 2015 मध्ये क्रिस्टोफ फुक्स, मार्टिन श्रायर आणि स्टाइन व्हान ओसेलार यांनी हातानं केलेल्या वस्तूंच्या ओढीवर अभ्यास प्रसिद्ध केला. हातानं केलेली वस्तू घेण्याकडे लोकांचा कल विशेष दिसला तो जिवलगांना भेट द्यायची असते तेव्हा. लांबच्या ओळखीच्या माणसासाठी तसं नव्हतं. अशा वस्तूत करणाऱ्याची माया उतरलेली असते, अशी लोकांची भावना असते, असा त्यांचा निष्कर्ष. माझ्या वहीतल्या नोंदी याला जुळतात: साहेबाला द्यायच्या भेटी लोक छापून घेतात, बहिणीला द्यायची भेट घेऊन माझ्याकडे येतात.

दुसरा प्रयोग त्याआधीचा आणि मला जास्त आवडतो, कारण त्यात मगच होते. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि नंतर बाजार भरवला. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत बाकीचे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या दुपटीच्या वर गेली. मग मिळून फार वेळही झाला नव्हता. नुसता हातात आल्यानं एवढा जीव जडतो, तर ज्या मगावर तुमच्या कुत्र्याचा कधीच उभा न राहणारा डावा कान आहे, तो मग तुम्ही काय भावाला सोडाल?

तर चार दिवसांच्या कौतुकाबद्दल: भिंतीवरच्या चित्राचं कौतुक लवकर सरतं, कारण डोळा त्याला सरावतो. वापरातल्या वस्तूवरचं चित्र वेगळ्या तऱ्हेनं भेटतं. ते हाताला लागतं, अर्धं झाकलं जातं, झाकण फिरवताना बाजूला सरकतं, उपडं ठेवलं की उलटं दिसतं. म्हणून कागदावरचं सुंदर चित्र उचलून मगावर बसवलं तर ते बहुतेक वेळा मरतं. वस्तूला विचारूनच काढावं लागतं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नवीन लोक नेमकं हेच वगळतात.

एक मग हातात घ्या. व्यास साधारण 8 सेंटीमीटर, म्हणजे घेर 25. चित्र काढायला 25 सेंटीमीटर लांब पट्टी मिळाली म्हणून खूश होऊ नका. एका नजरेत नीट दिसतं ते त्यातलं 8-9 सेंटीमीटर. त्यापुढे चित्र वळणाआड जातं आणि कडेची माणसं चिमटल्यासारखी बारीक दिसतात. त्यात कपाच्या कानाजवळची 4-5 सेंटीमीटर बोटांखाली जातात. उरल्या दोन खिडक्या. उजवा माणूस कान धरून मग तोंडाशी नेतो तेव्हा एक खिडकी त्याच्याकडे असते आणि दुसरी समोरच्याकडे. डावखुऱ्याचं बरोबर उलटं.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही मग कोणत्या हातात धरता? लोक चक्रावतात. चित्रकारानं आवडता रंग विचारावा, हा हात काय विचारतोय! पण त्या एका उत्तरावर, चित्र स्वतःला दिसणार की जगाला, हे ठरतं. दोन्हींत फार फरक आहे. जगाच्या बाजूला लोक ऐट मागतात: डोंगर, मोटारसायकल, चष्मा घातलेलं घुबड. स्वतःच्या बाजूला काय हवं विचारलं की आवाज खाली येतो. एका डावखुऱ्या बाईंनी जगाची बाजू कोरी ठेवायला सांगितली आणि स्वतःच्या बाजूला नखाएवढी एक खुर्ची काढून घेतली. कसली खुर्ची ते त्यांनी सांगितलं नाही. पाठीची दुसरी पट्टी मोडलेली हवी, एवढं मात्र तीनदा बजावलं. मी मोडकी पट्टी काढली. त्या बराच वेळ मग फिरवत बसल्या आणि नंतर पैसे किती विचारायचं विसरून निघाल्या, दारातून परत आल्या.

या दोन खिडक्यांशिवाय आणखी दोन जागा आहेत. अथेन्सच्या कुंभारांनी अडीच हजार वर्षांपूर्वी त्या वापरून ठेवल्या आहेत. वारुणी पिण्याच्या त्यांच्या पसरट कपांत आतल्या बुडाशी गोल चित्र असे. पेय संपत येईल तसं ते वर येई. काही कपांवर बाहेरून मोठाले डोळे असत. पिणाऱ्यानं कप उचलला की समोरच्याला त्याच्या तोंडाच्या जागी मुखवटा दिसे. एक्झेकियास नावाच्या कारागिराचा असा एक कप, इसवी सनापूर्वी 530 च्या सुमाराचा, म्युनिकच्या संग्रहालयात आहे. बाहेर डोळे, आत नावेत पहुडलेला देव आणि भोवती डॉल्फिन. पुढे इंग्लंडात कुंभारांनी मगाच्या आत मातीचा बेडूकच चिकटवला. पिणारा अर्ध्यावर आला की बेडूक डोकं वर काढी. थट्टा बटबटीत आहे, पण वेळ साधण्याचं त्यांचं गणित पक्कं होतं. आतल्या बुडाशी मी स्वतः रंग वापरत नाही. कारण पुढे येईल. पण मगाच्या खालच्या, टेबलावर टेकणाऱ्या बुडावर काढतो. शेवटचा घोट घेताना समोरच्याला ते दिसतं आणि पिणाऱ्याला माहीतच नसतं तो का हसतोय.

आता एक चूक सांगतो, माझीच. एका ऑफिसातल्या मंडळींनी निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यासाठी मग मागवला. व्यंगचित्र हवं होतं: मोठं टक्कल, त्यावर खिडकीचा कवडसा. मी हौसेनं काढलं, रेघ छान आली, सगळे खदाखदा हसले. वर्षभरानं तेच गृहस्थ दुसऱ्याच कामासाठी आले. मी मगाची आठवण काढली. म्हणाले, "आहे ना. कपाटात आहे." चेहरा सभ्य. तेव्हा कळलं की मी ते चित्र देणाऱ्यांसाठी काढलं होतं आणि रोज सकाळी हातात धरायचं होतं घेणाऱ्यानं. गंमत एकदा हसण्यापुरती असते. मग रोज धुवून पुन्हा समोर येतो. तेव्हापासून भेट म्हणून मागवलेल्या कामात मी दिसण्यावर विनोद करत नाही. सवयींवर करतो. पेन कानावर ठेवून घरभर पेन शोधणारा माणूस स्वतःही त्या चित्राला हसतो.

टिकाऊपणाकडे येऊ. पहिली दोन वर्षं मी एका मार्करच्या भरवशावर मग रंगवले. डबीवर लिहिलं होतं, काढा, घरच्या ओव्हनमध्ये भाजा, कायमचं पक्कं. एकाच आठवड्यात अकरा मग दिले. तीन आठवड्यांत सात परत आले. कुणाचं मांजर बिनशेपटीचं, कुणाच्या घराला छप्पर नाही. एकीनं तर पुसट डागाकडे बोट दाखवून विचारलं, "हे आमचे बाबा होते ना?" त्या प्रश्नानं मी जो शरमलो, तो आजवर विसरलो नाही. सगळे मग स्वखर्चानं पुन्हा करून दिले.

कारण साधं आहे. झिलई म्हणजे काच. काचेच्या वर बसलेला रंग साध्या ओव्हनच्या उष्णतेत वाळून घट्ट होतो, काचेत मुरत नाही. चिनीमातीसाठी मुद्दाम बनवलेले, साधारण 150 अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास भाजायचे रंग बरे टिकतात, तरी घासणीपुढे कधी ना कधी हरतातच. खरं पक्कं काम भट्टीतलं. झिलईवर काढायचे, काचेची पूड असलेले इनॅमल रंग साधारण 700 ते 850 अंशांना भाजले की वितळून झिलईशी एकजीव होतात. त्याहून पक्कं म्हणजे कच्च्या भांड्यावर आधी चित्र, वरून झिलई आणि मग हजार अंशांच्या पुढची भट्टी. तिथे चित्र काचेच्या आतच जातं. पण त्यासाठी कुंभाराशी मैत्री हवी, आणि गिऱ्हाइकाचा स्वतःचा जुना मग असेल तर तो मार्ग बंदच. तुमच्याकडे भट्टी नसेल तर स्पष्ट सांगा: हातानं धुवा, भांडी धुण्याच्या मशिनमध्ये घालू नका, घासणी लावू नका. सांगितलेलं लोक पाळतात. न सांगितल्याचा राग येतो.

ओठ लागतो तिथे रंग नको. काठापासून निदान 20 मिलीमीटर कोरे सोडायचे, आणि आतली बाजू तर पूर्णच, रंगाच्या डबीवर काहीही छापलेलं असो.

छपाईवाल्यांचे मग इतके टिकतात कसे, हेही माहीत असू द्या, कारण गिऱ्हाईक विचारतं. त्या मगांवर आधीच प्लास्टिकजातीचा पारदर्शक लेप असतो. साधारण 180 ते 200 अंशांना खास शाईची वाफ होते आणि ती त्या लेपात शिरते. साध्या, बिनलेपाच्या मगावर ती पद्धत चालत नाही. सुती कापडावरही नाही, पॉलिएस्टरवर चालते. आजोबांचा जुना कप घेऊन कोणी आलं तर ते छापखान्यातून परत फिरतं आणि तुमच्याकडे येतं. हाही आपला एक धंदाच आहे.

स्टीलच्या बाटलीला बारीक पॉलिश पेपर मारून चकाकी घालवा, स्पिरिटनं पुसा, धातूला धरणारं अस्तर, मग पातळ थरांत ॲक्रिलिक, वर दोन हात क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप. पुसल्यानंतर त्यावर बोटसुद्धा लावू नका. तेलकट ठसा राहिला की तिथूनच पोपडा सुटतो. कॅनव्हासच्या बुटांना रंगात कापडासाठीचं माध्यम मिसळा आणि वाळल्यावर इस्त्रीची उष्णता द्या. चवडा दुमडतो त्या रेषेवर चेहरा काढू नका, महिन्याभरात त्या चेहऱ्याला सुरकुत्या पडतात. चामड्यावर आधी कारखान्यातली चमक काढावी लागते, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

हेल्मेट मात्र मी घेत नाही. पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकवर थिनर, ॲसिटोन पडलं की ते आतून कमजोर होऊ शकतं आणि वरून काही कळत नाही. ते डोकं वाचवण्यासाठी आहे. कोणी हट्टच धरला तर हेल्मेट ठेवायच्या पिशवीवर काढून देतो. कार्टूनमधली प्रसिद्ध पात्रंही घेत नाही. ती दुसऱ्याची मालमत्ता आहे आणि तसंही, ते चित्र त्या माणसाचं कुठे असतं?

हल्ली लोक मशिननं तयार केलेलं चित्र फोनवर दाखवतात आणि म्हणतात, हे उतरवून द्या. मला त्याचा राग नाही. गप्पांना सुरुवात म्हणून चांगलंच आहे. परवा एकजण आपल्या कुत्र्याचं असं चित्र घेऊन आला. रुबाबदार कुत्रा, मागे सूर्यास्त, दोन्ही कान ताठ. मी खरा फोटो मागितला. डावा कान पडलेला. लहानपणी काहीतरी झालं म्हणे, तेव्हापासून उभा राहत नाही. "मशिननं तो नीट केला," तो कौतुकानं म्हणाला. मी म्हटलं, कुत्रा लांबून येताना तुम्ही त्याला ओळखता कशावरून? तो एक क्षण थांबला आणि फोन खिशात टाकला. त्या दिवशी मी फक्त कान काढले. एक उभा, एक आडवा, मगाच्या काठाखालून डोकावणारे. खाली धड नाहीच. धड त्याच्या डोक्यात होतंच.

हे जमवायला फार कला लागत नाही, खरं सांगतो. लागतं ते विचारणं. "काय काढू?" असं कधीच विचारू नका. त्यावर "काहीतरी छान, फुलंबिलं" एवढंच उत्तर येतं. विचारा: ही वस्तू रात्री कुठे असते? हातात असते तेव्हा समोर कोण असतं? त्या माणसाची अशी कोणती गोष्ट आहे जी फोटोत येत नाही? तिसऱ्या प्रश्नाला लोक आधी "काही खास नाही" म्हणतात. तिथे गप्प बसा. पाण्याचा ग्लास पुढे करा, ब्रश धुवा, काहीही करा, पण बोलू नका. थोड्या वेळानं येतंच: "तशी ती जिना उतरताना पायऱ्या मोजते..." संपलं, मिळालं तुम्हाला चित्र.

आणि झिजण्याची भीती गिऱ्हाइकाच्या वतीनं तुम्ही बाळगू नका. सहा वर्षांनी ते बाटलीवाले गृहस्थ पुन्हा आले. अंगठा टेकतो त्या जागी चित्र घासून खालचं स्टील दिसत होतं. कुंडी अर्धी गेली होती. मला वाटलं, पुन्हा रंगवायला आणली. त्यांनी कुंडीकडे बघितलंसुद्धा नाही. "खऱ्याला आता नऊ पानं झाली," म्हणाले, "चार वाढवून द्या." मी विचारलं, पिवळं? तर म्हणाले, "ते आहेच की अजून. त्याला हात लावू नका."

तुम्ही सुरुवात स्वतःच्या वस्तूंपासून करा. रोजच्या वापरातला एक मग, एक बाटली, एक जुना बूट. महिनाभर नेहमीसारखे वापरा, धुवा, आपटा, पावसात न्या. कुठे पोपडा धरतो, कुठे अंगठा बसतो, कोणती बाजू तुम्ही नकळत स्वतःकडे वळवून ठेवता, ते वहीत टिपून ठेवा. दुसऱ्याची वस्तू हातात घ्याल तेव्हा ती वही जवळ असू द्या, आणि कान कोणत्या बाजूला येणार ते पेन्सिलीची पहिली रेघ मारण्याआधी विचारून घ्या.